वाहन क्रमांक

हत्तीपालच्या गेटवर वहीत नोंद:
तेलेस्फोर बार्रेत, वय एकोणऐंशी.
वाहन क्रमांकाच्या रकान्यात त्याने लिहिलं, घंटी आहे.
मी खोडलं नाही.

सायकल नैरोबीहून बोटीने आलेली, हिरवी.
मडगार्डला गंज, सीट मात्र नवीन,
कारण, म्हणाला, म्हातारं ढुंगण लोखंडाशी वाद घालत नाही.
एकट्याला आत सोडायचा नियम नाही,
तेव्हा मीही खात्याची सायकल काढली.
तिचा मागचा ब्रेक आमच्या रेंजरसाहेबांच्या शब्दासारखा,
आहे, पण लागेलच असं नाही.

जानेवारी. माट्टीची पानं पापडासारखी,
चाकाखाली एवढी मोडत होती
की अख्खं खोतीगाव आम्हाला आधी ऐकून घेत होतं
आणि मग ठरवत होतं, दिसायचं की नाही.
वर कुठंतरी ककणेराचे पंख,
जुन्या पंख्याला तेल हवं असल्यासारखे.

तो बोलतच होता.
तिकडे नैवाशाजवळ एक रान आहे, नाव नरकाचं दार.
"दर दुसऱ्या रविवारी मिस्सा चुकवून
मी नरकात जायचो. पाद्रीला ठाऊक होतं."
झेब्रे रस्ता ओलांडायचे, शाळा सुटल्यासारखे, एकमेकांना ढकलत.
जिराफ बाभळीवरून वाकून बघायचे,
शेजारीण कुंपणावरून बघते तसे,
आज काय शिजवलंय.
तिकडच्या रानडुकरांची शेपटी
पळताना ताठ, रेडिओच्या एरियलसारखी.
आणि मागे कॅरियरवर ओफेलिया,
मांडीवर उकडलेल्या अंड्यांचा डबा.
"एकदा रानरेडा पुढ्यात आणि माझी चेन पडलेली..."
इथं चढ लागला. गोष्ट अर्धी राहिली.

मी काणकोणच्या बाहेर मडगाव पाहिलंय, हॉस्पिटलपुरतं.
तरी विचारलं, "त्या रानात माणसं राहायची?"
"म्हणजे?"
"म्हणजे, रानाला दार बसवायच्या आधी."
तो उतरला. मी उतरलो.
दोघं सायकली ढकलत, दोघांचे श्वास वेगळ्या वयाचे.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"गुरं घेऊन यायचे. लाल चादरी पांघरून, उंच उंच."
मग, "नंतर कुंपणाबाहेर दिसायचे."

वळणावर उजव्या हाताला
माझ्या आज्याची कुमेरी होती. नाचणी, वरी,
बांधाला दोन तवशीचे वेल.
आता पाटी आहे, शेकरूचं चित्र, शांतता राखा.
पाटी मीच रंगवली.
शेपूट जरा आखूड पडलं.
हे त्याला सांगितलं नाही,
पण तिथं माझी सायकल जरा हळू झाली असावी,
कारण त्याने पाटी दोनदा वाचली.

पाणवठ्याअलीकडे रस्ता संपला
आणि गवा सुरू झाला.
काळा, तेल चोपडल्यासारखा,
चारी पायांत पांढरे मोजे,
पहिल्या कम्युनियनला निघालेल्या पोरासारखा गंभीर.
त्याच्या नाकपुड्यांतला ओला आवाज
मला माझ्या मनगटात ऐकू आला.
म्हाताऱ्याचा अंगठा घंटीवर गेला.
"वाजवू नका," मी म्हटलं, ओठांनीच.
अंगठा थांबला.
गव्याने आम्हाला पूर्ण पाहून घेतलं, सायकलींसकट,
एकदा शेण टाकलं,
आणि एवढा मोठा देह
एका करवंदीच्या जाळीमागे मावला.

कितीतरी वेळ आम्ही वाफाळत्या शेणाकडे बघत उभे.
"तीही हेच म्हणाली होती," तो म्हणाला.
मग पिशवीतून अंडं काढलं,
हँडलवर आपटून सोललं,
अर्धं मला दिलं.
मीठ विसरला होता. त्यावरून स्वतःलाच पोर्तुगीजमध्ये एक शिवी दिली.

परत गेटवर, वही.
दिसलेले प्राणी: गवा एक.
झेब्रे अदमासे चाळीस.
त्याखाली थोडी जागा सोडून, बारीक अक्षरात: तवशी.
मी वर बघितलं.
कुणी सांगितलं याला? की वेल अजून आहे कुठंतरी,
पाटीच्या मागे, मी सात वर्षं न बघितलेला?

बाहेर पडल्याची वेळ अजून लिहायची आहे.
तो उन्हात वाकून
टायर दाबून बघतोय.